वाढत्या नगराचे अग्रक्रम : जुन्नर–आंबेगाव परिसराचा एक अभ्यास

सह्याद्रीच्या माथ्यावर, जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आजही उभा आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात गोळा करण्यासाठी त्याचा उपयोग होत असे, अशी परंपरागत समजूत आहे. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी निगडित असलेला ब्राह्मी शिलालेख आहे. कोकणातील बंदरांकडून येणारा माल या घाटाने जुन्नरच्या पेठेत येत असे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांमध्ये बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख सापडतात. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे कारागीर व व्यापारी यांचे संघटित नगरजीवन होते, आणि त्या नगराला जन्म देणारा एक रस्ता होता.

रस्ता नगर घडवितो आणि रस्ता बदलला की नगराचा भाग्योदयही जागा बदलतो, याचे प्रत्यंतर या परिसरात पुन्हा येत आहे. पुणे–नाशिक महामार्ग जुन्नर शहरातून जात नाही. तो मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा या गावांवरून जातो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिका असलेले जुन्नर शहर संथ गतीने वाढत राहिले, तर महामार्गावरील गावे मात्र झपाट्याने पसरली. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे, परंतु तालुक्याची मोठी बाजारपेठ मंचर हीच आहे. मंचर ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथे नगरपंचायतीची निवडणूक झाली. ग्रामीण कारभाराकडून नागरी कारभाराकडे जाणाऱ्या अशा गावाने सर्वप्रथम काय करावे, हा केवळ मंचरचा प्रश्न नाही. महाराष्ट्रातील अनेक गावे आज याच उंबरठ्यावर उभी आहेत. त्यामुळे या परिसराचा अभ्यास इतरांनाही उपयुक्त ठरावा.

परिसराची घडण

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजारी तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख, तर आंबेगावची सुमारे २ लाख ३६ हजार होती. त्याच जनगणनेत पुणे जिल्ह्यातील सुमारे ६१ टक्के लोकसंख्या नागरी म्हणून नोंदली गेली. या दोन तालुक्यांत मात्र बहुसंख्य लोक ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहत होते.

दोन्ही तालुक्यांचे पश्चिम आणि पूर्व असे दोन स्पष्ट भाग पडतात. पश्चिमेचा भाग डोंगराळ, अतिपावसाचा आणि प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांच्या वस्तीचा आहे. त्यातील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. भातशेती आणि हिरड्यासारखे वनोपज यांवर तेथील कुटुंबे जगतात. पूर्वेचा भाग बागायती आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पामुळे तेथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा आणि भाजीपाला यांची शेती फुलली. नारायणगावचा टोमॅटो बाजार, ओतूर व आळेफाटा येथील कांद्याचा बाजार आणि मंचरची भाजीपाल्याची उलाढाल ही या शेतीचीच फळे होत.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या पाण्यावर पूर्व भाग समृद्ध झाला ते पाणी पश्चिम भागातील खोऱ्यांत साठविलेले आहे. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. विकासासाठी कोणी काय दिले याची ही खूण आहे. नगराचे अग्रक्रम ठरविताना ती डोळ्यांपुढे राहिली पाहिजे.

या भागाची वाढ चाकणच्या वाढीसारखी नाही. खेड तालुक्यातील चाकण कारखान्यांमुळे वाढले. नारायणगावजवळील खोडद येथे मात्र प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपण्यासाठी आसमंत विद्युत्-चुंबकीय गोंगाटापासून मुक्त असावा लागतो. म्हणून दुर्बिणीच्या परिसरात उद्योगांच्या उभारणीवर बंधने आहेत. साहजिकच येथील नगरांची वाढ शेतमालाचा व्यापार, वाहतूक, शिक्षणसंस्था, रुग्णालये, पर्यटन आणि नोकरदारांची घरे यांमुळे होत आहे. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर या स्थळांमुळे येणाऱ्या यात्रेकरूंची त्यात भर पडते. ही वाढ कारखान्याच्या भोंग्यासारखी गाजावाजा करीत येत नाही. एकेका शेताचे प्लॉट पडत जातात आणि काही वर्षांनी गाव ओळखू येईनासे होते.

गाव केव्हा नगर होते?

जनगणनेच्या दृष्टीने एखादे गाव नागरी ठरण्यासाठी तीन कसोट्या लावल्या जातात : किमान ५,००० लोकसंख्या, प्रतिचौरस किलोमीटर किमान ४०० लोकवस्ती, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील व्यवसायात. या कसोटीने गाव ‘नागरी’ ठरले तरी त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. कारभार बदलतो तो राज्य शासनाच्या अधिसूचनेने.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ‘संक्रमणशील क्षेत्र’ ही कल्पना मांडली. ग्रामीणतेकडून नागरीपणाकडे जाणारे क्षेत्र असा तिचा अर्थ. अशा क्षेत्रासाठी नगरपंचायत असते. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषदविषयक अधिनियमात त्यासाठी तरतूद आहे. १०,००० ते २५,००० लोकसंख्येच्या क्षेत्रासाठी नगरपंचायत आणि त्यापुढील लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद, असा स्थूल क्रम आहे. शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाणही त्यात पाहिले जाते.

या बदलाने काही गोष्टी मिळतात. मुख्याधिकारी, अभियंता, नगररचनेचे अधिकार आणि नागरी योजनांचे अनुदान गावाच्या वाट्याला येते. परंतु एक गोष्ट जाते, आणि ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तेथे कोणताही मतदार उभा राहून सरपंचास हिशेब विचारू शकतो. घटनेने नागरी भागासाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक आहेत. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाला नगराचा दर्जा मिळतो तेव्हा चावडीवर प्रश्न विचारण्याची हक्काची जागा हरवते. नगरपंचायतीत पहिली निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे असतो. त्या काळात तर ही उणीव अधिकच जाणवते. म्हणून अग्रक्रमांचा विचार लोकांसमोर होण्याची निकड अशा ठिकाणी सर्वाधिक असते.

अग्रक्रमाची कसोटी

वाढत्या गावापुढे कामांची यादी नेहमीच मोठी असते. रस्ते, पाणी, गटारे, दिवे, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, क्रीडांगण, वाचनालय, सभागृह, प्रवेशद्वार, सुशोभीकरण. यांतील कोणतेही काम निरर्थक नाही. परंतु पैसा मर्यादित असतो आणि काळ त्याहून मर्यादित असतो. मग निवड कशी करावी?

यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते. प्रत्येक कामाविषयी असा प्रश्न विचारावा : हे काम दहा वर्षांनी केले तर चालेल काय? सभागृह दहा वर्षांनी बांधता येते. प्रवेशद्वार, कारंजे, पुतळ्याभोवतालची बाग यांचेही तसेच. परंतु रस्त्यासाठी ठेवायची जागा, ओढ्याचे पात्र, शाळेचे मैदान, सांडपाणी प्रकल्पाची जमीन आणि कचरा प्रक्रियेची जागा या गोष्टी आज राखल्या नाहीत तर दहा वर्षांनी कोणत्याही किमतीस मिळत नाहीत. तेथे घरे उभी राहिलेली असतात, त्या घरांत माणसे राहत असतात आणि त्यांना उठविणे अन्यायाचे ठरते. जे नंतर करता येणार नाही ते आधी करावे, हा वाढत्या नगराच्या धोरणाचा पहिला नियम होय.

पहिला अग्रक्रम : जमीन

या भागात जमिनीचा व्यवहार गुंठ्यावर होतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. सामायिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचा अभिन्यास मंजूर करून घेताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. एका एकरामागे चार गुंठे मुलांच्या खेळासाठी, झाडांसाठी व विसाव्यासाठी राहतात. शिवाय आतील रस्ते ठरलेल्या रुंदीचे करावे लागतात.

हेच एक एकर अभिन्यास न करता एक-एक, दोन-दोन गुंठ्यांनी विकले गेले तर काय होते? मोकळी जागा शून्य राहते. रस्ता म्हणून बैलगाडीची जुनी वाट किंवा बांध उरतो. प्रत्येक खरेदीदार आपल्या दारापुरता विचार करतो. काही वर्षांनी तेथे अग्निशमन गाडी वळत नाही, रुग्णवाहिका आत येत नाही आणि गटाराला उतार मिळत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमासारख्या कायद्यांनी अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढून दिली, आणि घर घेऊन बसलेल्या सामान्य कुटुंबासाठी ती आवश्यकही होती. तथापि नियमितीकरणाने घरमालकाला कागद मिळतो, वस्तीला रस्त्याची रुंदी मिळत नाही.

म्हणून विकास योजना ही नवनागरी संस्थेची पहिली जबाबदारी ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये तिची कार्यपद्धती दिली आहे. इरादा जाहीर करणे, विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण, प्रारूप योजनेची प्रसिद्धी, हरकती व सूचना, आणि शेवटी शासनाची मंजुरी असे तिचे टप्पे आहेत. यातील हरकती-सूचनांचा टप्पा लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो, मुदत निघून जाते आणि आपल्या शेतावर आरक्षण पडल्याचे शेतकऱ्याला पुढे कर्ज काढताना समजते.

आरक्षणाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याची जमीन आरक्षित होते त्याला ती मनाजोगी विकता येत नाही आणि तीवर बांधताही येत नाही. ज्याच्याकडे वीसच गुंठे आहेत त्याचा संसार त्यामुळे अडकून पडतो. याच कारणाने अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये मालकास संरक्षण दिले आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. याचा अर्थ असा की, पैशाची तजवीज न करता टाकलेले आरक्षण दुहेरी नुकसान करते. शेतकरी बारा वर्षे अडकतो आणि अखेरीस गावालाही मैदान मिळत नाही. आरक्षणे मोजकीच असावीत आणि प्रत्येक वर्षाच्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी रक्कम राखलेली असावी. गायरान किंवा शासकीय जमीन उपलब्ध असेल तर प्रथम तिचा विचार व्हावा.

पुणे जिल्ह्यातच याचा एक बोलका अनुभव आहे. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली, १९७२ मध्ये तेथे नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ पर्यंत त्या शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. प्राधिकरणाने आधी जमीन घेतली व मग पेठा आखल्या, म्हणून त्या भागात रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा राहू शकल्या. परंतु मूळ जमीनमालकांना साडेबारा टक्के परतावा देण्याचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. आधी जमीन राखावी हा त्यातील एक धडा आणि जमीन देणाऱ्याचा हिशेब वेळेवर चुकता करावा हा दुसरा. दोन्ही धडे एकत्रच शिकावयाचे आहेत.

जमीन राखण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते कोठे बांधू नये हे ठरविणे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ जीव गेले. वाचलेल्यांसाठी नवे माळीण उभारण्यात आले व २०१७ मध्ये घरे देण्यात आली. त्या दुर्घटनेने अतिवृष्टीच्या काळातील डोंगरउताराचा धोका सर्वांना दाखवून दिला. पूर्व भागातील नगरांना दरडीचे भय नसले तरी त्यांचे ओढे आहेत. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा भरून त्यावर गाळे काढले तर पावसाळ्यात पाणी आपली जुनी वाट शोधतच येते. ओढे, नाले आणि नदीची पूररेषा प्रथम नकाशावर आणावी आणि मग बांधकामाची परवानगी द्यावी.

दुसरा अग्रक्रम : पाणी आणि सांडपाणी

ग्रामीण नळयोजनांसाठी जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले गेले. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या नगरांसाठी १३५ लिटर हे प्रमाण वापरले जाते. २०,००० वस्तीच्या एका नगराचे उदाहरण घेऊन हा हिशेब करता येईल. ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ११ लाख लिटर पाणी लागेल, तर १३५ लिटरप्रमाणे २७ लाख लिटर. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरले जाते. म्हणजे २७ लाख लिटर पाणी देणारे नगर रोज २१ लाख ६० हजार लिटर सांडपाणी निर्माण करील. पाणीपुरवठा वाढविण्याचा आनंद सर्वांना होतो, परंतु त्याच प्रमाणात वाढणाऱ्या सांडपाण्याची वाट कोणती, हा प्रश्न त्याच सभेत विचारला जात नाही.

या परिसरात त्याचे उत्तर नद्यांच्या पात्रात दिसते. नारायणगाव मीना नदीकाठी आहे, जुन्नर कुकडीच्या खोऱ्यात आहे, तर आंबेगावचे पाणी घोड नदीकडे जाते. या सर्व नद्यांचे पाणी पुढे भीमेला मिळते. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. धरणातून येणारे स्वच्छ पाणी वापरून ते मलिन स्वरूपात पुढे पाठविणे हे शेजारधर्माला धरून नाही, आणि ज्यांची घरे-शेते त्या धरणात गेली त्यांच्याशीही ते कृतघ्नपणाचे आहे.

मोठी मलनिःसारण योजना लहान नगरास एकदम झेपत नाही. परंतु तीन गोष्टी आरंभीच करता येतात. नगराच्या सर्वांत सखल भागात सांडपाणी प्रकल्पासाठी जागा राखणे, ही पहिली. पाणी उताराने वाहते, त्यामुळे ही जागा कोठेही चालत नाही. दुसरी, प्रत्येक नव्या इमारतीस शौचालयाची टाकी नियमाप्रमाणे बांधावयास लावणे आणि ती ठरावीक काळाने यंत्राने उपसण्याची व्यवस्था करणे. तिसरी, नवा रस्ता काँक्रीटचा करण्यापूर्वी त्याखालून पाण्याची व सांडपाण्याची नळी नेणे. आधी रस्ता आणि नंतर खोदाई हा क्रम अनेक गावांनी अनुभवला आहे. त्यात एकाच कामाचा खर्च दोनदा होतो.

तिसरा अग्रक्रम : कचरा

दरडोई दररोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर २०,००० वस्तीच्या नगरात दिवसाला ६ टन आणि वर्षाला सुमारे २,१९० टन कचरा जमा होतो. येथे भाजीपाल्याचे बाजार मोठे असल्याने सडक्या मालाचा भार वेगळा पडतो. हा कचरा गावाबाहेर ओढ्याकाठी टाकून पेटवून देणे ही जुनी रीत आहे. वस्ती लहान होती तोवर ती कशीबशी खपून गेली, आता ‘गावाबाहेर’ अशी जागाच उरलेली नाही. आपला गावाबाहेर तो दुसऱ्याचा शेजार असतो.

जुन्नर वनविभागाच्या क्षेत्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उसाच्या दाट शेतीत बिबट्याला आडोसा मिळाला आणि मानवी वस्तीजवळ त्याचा वावर वाढला. जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र चालविले जाते. मनुष्यहानीच्या घटनांनी या भागातील कुटुंबे अनेकदा शोकात बुडाली आहेत. उघड्यावरील कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. म्हणून येथे कचऱ्याची विल्हेवाट हा केवळ स्वच्छतेचा विषय नसून सुरक्षिततेचाही विषय आहे. वस्तीच्या कडेचा कचऱ्याचा ढीग हटविणे आणि तेथे पुरेसा उजेड ठेवणे, ही दोन्ही कामे अल्पखर्चाची आहेत आणि तातडीची आहेत.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरीच वेगळा करण्यावर भर दिला. ओला कचरा निम्मा धरला तरी ६ टनांपैकी ३ टनांचे खत होऊ शकते. या परिसरात द्राक्षबागा आणि भाजीपाल्याची शेती दाराशी असल्याने खताला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. त्यात काच व प्लॅस्टिक नसावे एवढीच शेतकऱ्याची अट असते. म्हणून प्रक्रियेची यंत्रे घेण्यापूर्वी घरोघरी वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलला जाईल याची शिस्त बसवावी. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र पडताना दिसला की दुसऱ्या दिवसापासून कोणी तो वेगळा करीत नाही.

चौथा अग्रक्रम : रस्ता, बाजार आणि बाहेरून येणारी माणसे

महामार्गावर मंचर, नारायणगाव व आळेफाटा येथे बाह्यवळण रस्ते झाल्याने जड वाहतूक बरीचशी गावाबाहेरून जाऊ लागली. यामुळे गावातील जुना महामार्ग हा आता खऱ्या अर्थाने नगराचा मुख्य रस्ता झाला आहे. त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ, शाळकरी मुलांना ओलांडण्याची जागा, एसटी व रिक्षांसाठी थांबे आणि विक्रेत्यांसाठी आखलेली जागा देण्याची ही संधी आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ मध्ये झाला. त्यानुसार विक्रेत्यांची नोंद करून त्यांना जागा ठरवून देणे हे हटविण्याच्या मोहिमांपेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

त्याचबरोबर एक धोकाही आहे. बाह्यवळणाच्या दोन्ही अंगांना हॉटेले, गोदामे व गाळे उभे राहिले तर काही वर्षांत तोही जुन्या रस्त्यासारखाच कोंडेल. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांचे नियम त्यासाठीच आहेत. त्यांचे पालन पहिल्या गाळ्यापासून झाले पाहिजे, शंभराव्या गाळ्याला अडविणे कोणालाच जमत नाही. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग आळेफाट्यावर पुणे–नाशिक महामार्गाला छेदतो, त्यामुळे तेथे ही दक्षता दुपटीने हवी.

नगराची गणना केवळ मतदारयादीवरून करू नये. बाजाराच्या दिवशी येणारे शेतकरी, खेड्यांतून शिकावयास येणारी मुले-मुली, यात्रेकरू, आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागातून हंगामी शेतमजुरीसाठी येणारी कुटुंबे ही सर्व नगराचा वापर करतात आणि नगर त्यांच्या श्रमावर व खरेदीवर चालते. पहाटे रस्त्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजूर स्त्रीसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि सावलीची जागा नसेल तर त्या नगराचे अग्रक्रम तपासून पाहावे लागतील. या गरजा मांडणारा नगरसेवक तिला नसतो, कारण तिचे मत दुसऱ्या गावात असते.

पैसा आणि लोकांचा सहभाग

अनुदान हे बांधकामासाठी मिळते, पण बांधलेले चालविण्याचा खर्च घरपट्टी व पाणीपट्टीतून करावा लागतो. दर चार वर्षांनी होणारी करआकारणीची फेरतपासणी लांबणीवर टाकली की नव्या इमारती करकक्षेबाहेर राहतात आणि भार जुन्याच घरांवर पडतो. सर्व मिळकतींची न्याय्य नोंद हे करवाढीपेक्षा अधिक महत्त्वाचे काम आहे. कराचा पैसा कोठे खर्च झाला हे प्रभागाच्या फलकावर सोप्या भाषेत लिहिले तर वसुलीलाही हातभार लागतो.

कायद्याने ग्रामसभा राहिली नाही तरी प्रभागात सभा घेण्यास कायद्याची मनाई नाही. नगरपंचायतीच्या १७ प्रभागांत वर्षातून दोन वेळा नागरिकांची सभा घ्यावी, तेथे कामांची यादी वाचावी आणि क्रम लोकांकडून लावून घ्यावा. विकास योजनेचा नकाशा शाळेत, बाजार समितीत आणि एसटी स्थानकात लावावा. तलाठी व नगररचना कर्मचाऱ्यांनी एक दिवस तेथे बसून प्रत्येकास आपला गट क्रमांक दाखवून द्यावा. नारायणगाव किंवा ओतूरसारख्या ज्या गावांनी नागरी रूप घेतले आहे त्यांनी दर्जा बदलण्याची वाट पाहू नये. ओढे नकाशावर आणणे, गायरान राखणे आणि कचरा वेगळा करणे यांसाठी ग्रामपंचायत पुरेशी समर्थ आहे.

शिक्षकांचे साहाय्य या कामी मोलाचे ठरेल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी भूगोलाच्या तासाला आपल्या प्रभागाचा नकाशा काढू शकतात. त्यावर विहिरी, ओढे, कचऱ्याचे ढीग, अंधाऱ्या जागा, मोकळ्या जागा आणि रस्त्यांची मोजलेली रुंदी दाखविता येईल. गणिताच्या तासाला आपल्या वस्तीचे पाणी, सांडपाणी व कचरा यांचा वरीलप्रमाणे हिशेब मांडता येईल. असा नकाशा दरवर्षी काढून जपला तर पाच वर्षांनी गावाला आपल्या वाढीचा अस्सल पुरावा मिळेल.

चर्चेसाठी काही प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत कोणत्या दिशेने घरे वाढली? त्या भागात किती मोकळी जागा राहिली आहे?

२. गावातील सर्वांत सखल जागा कोणती? ती आज कोणाच्या मालकीची आहे व तिचा वापर काय?

३. या वर्षीच्या अर्थसंकल्पातील कोणती कामे दहा वर्षांनी केली तरी चालतील? कोणती चालणार नाहीत?

४. आरक्षित जमिनीच्या संपादनासाठी किती रक्कम राखली आहे?

५. गावात रोज येणाऱ्या पण गावात मतदार नसलेल्या लोकांसाठी कोणती सोय आहे?

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास खर्च येत नाही. पंचायत सदस्य, नगरसेवक, अधिकारी आणि शिक्षक यांनी एका दुपारी एकत्र बसून ती लिहून काढली तर नगराचे अग्रक्रम बव्हंशी आपोआप ठरतील. मंचरमध्ये नव्या नगरपंचायतीचा कारभार सुरू होत आहे, जुन्नरला नगरपालिकेचा दीर्घ अनुभव आहे, आणि नारायणगाव व आळेफाट्याच्या शिवारात प्लॉट पडण्याचे काम चालूच आहे. जे मैदान अद्याप मोकळे आहे, जो ओढा अद्याप वाहतो आहे, त्याची नोंद या वर्षीच्या नकाशावर झाली पाहिजे.